आधी नजर, मग वस्त्र : पर्द्याचा आदेश आणि आपल्या मुली




दहावी-बारावीचे निकाल लागले की सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावातील अनेक मुस्लिम घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली असते. पुढील शिक्षणासाठी तिला गावातील महाविद्यालयात, मालेगावला किंवा नाशिकला पाठवायचे की नाही, हा प्रश्न असतो. एक वडीलधारे म्हणतात की बुरखा घालून गेली तर महाविद्यालयात हरकत घेतील. दुसरे म्हणतात की बुरख्याशिवाय गेली तर बिरादरीत तोंड दाखवता येणार नाही. तिसरे म्हणतात की बस स्थानकावर टवाळ पोरे उभी असतात, उगाच बदनामी नको. चर्चा संपते तेव्हा मुलीचा प्रवेश राहून गेलेला असतो. तिचे स्वतःचे मत काय, हे बहुधा कोणी विचारलेलेच नसते.

अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, 'दीनमध्ये असेच आहे.' ते खरोखर तसे आहे काय? पर्द्याचा आदेश कोणाला दिला गेला, कोणत्या क्रमाने दिला गेला आणि कशासाठी दिला गेला, याचा शांतपणे अभ्यास करणे हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे. कारण 'दीनमध्ये असेच आहे' असे म्हणून आपण एखाद्या मुलीची वाट बंद केली आणि दीनमध्ये तसे नसले, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार आहे.

१. आदेशाचा क्रम

पर्द्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा सूरह नूरच्या ३१ व्या आयतीपासून सुरुवात करतो. त्या आयतीत ईमानधारक स्त्रियांना नजर नम्र ठेवण्याचा, शीलाचे रक्षण करण्याचा आणि ओढणी छातीवर घेण्याचा आदेश आहे. परंतु तिच्या आधीची, ३० वी आयत पुरुषांसाठी आहे. स्त्रीच्या वस्त्राविषयी एक शब्दही येण्यापूर्वी अल्लाह ईमानधारक पुरुषांना फर्मावितो की त्यांनी आपली नजर खाली ठेवावी आणि आपल्या शीलाचे रक्षण करावे. कुरआनमधील क्रम निरर्थक नसतो. हयेचा पहिला धडा पुरुषाच्या डोळ्यांना दिलेला आहे.

या क्रमाचा अर्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून अधिक स्पष्ट होतो. सहीह बुखारीमध्ये अंतिम हजच्या प्रसंगाची एक हदीस आहे. हजरत फजल इब्ने अब्बास (रजि.) हे तरुण सहाबी प्रेषितांच्या (स.) मागे सवारीवर बसले होते. खसअम कबिल्यातील एक स्त्री प्रश्न विचारण्यासाठी आली. तिचे वडील अतिशय वृद्ध होते, सवारीवर बसू शकत नव्हते. त्यांच्या वतीने आपण हज करू शकतो काय, असे ती विचारत होती. ती रूपवान होती आणि फजल तिच्याकडे पाहू लागले. प्रेषितांनी (स.) हात पुढे करून फजल यांचा चेहरा दुसरीकडे वळविला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

काही विद्वान म्हणतात की ती स्त्री इहराममध्ये होती आणि इहरामच्या अवस्थेत नकाब घालावयाचा नसतो, म्हणून या प्रसंगावरून चेहऱ्याच्या पर्द्याचा सर्वसाधारण नियम काढता येत नाही. तो मतभेद आपण बाजूला ठेवू. त्या मतभेदाच्या पलीकडेही एक गोष्ट निर्विवाद उरते. ज्याची नजर चुकली त्याला सुधारले गेले. जिला शिकायचे होते तिला ज्ञान दिले गेले. तिला कोणी परत पाठविले नाही, तिचा प्रश्न अर्धवट सोडला नाही, तिला दोष दिला नाही.

आता आपल्या बस स्थानकाकडे पाहू. चार मुले वाटेवर उभी राहून मुलींची टवाळी करतात. आपण काय करतो? मुलीचे शिक्षण बंद करतो. ती मुले मात्र दुसऱ्या दिवशीही तेथेच उभी असतात. त्यांपैकी एखादा आपलाच पुतण्या किंवा भाचा असतो, जुम्याच्या नमाजला आपल्याच सफमध्ये उभा राहतो, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. प्रेषितांनी (स.) फजल यांचा चेहरा वळविला, आपण मुलीची वाट वळवितो. याला सुन्नत कसे म्हणायचे?

२. तीन शब्द, तीन अर्थ

सामान्य बोलण्यात हिजाब, बुरखा, नकाब आणि पर्दा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कुरआनमध्ये मात्र शब्द वेगवेगळे आहेत. सूरह नूरमध्ये 'खिमार' हा शब्द आहे. त्याचा अर्थ डोक्यावरील ओढणी. सूरह अहजाबच्या ५९ व्या आयतीत 'जिलबाब' हा शब्द आहे. त्याचा अर्थ अंगभर घ्यावयाची सैल चादर. 'हिजाब' हा शब्द सूरह अहजाबच्या ५३ व्या आयतीत येतो आणि तेथे तो वस्त्रासाठी नव्हे, तर प्रेषितांच्या (स.) घरातील आडपडद्यासाठी आलेला आहे.

आज आपण पाहतो तो शिवलेला काळा बुरखा हे या आदेशाचे पालन करण्याचे एक रूप आहे. ते एकमेव रूप नाही. इंडोनेशियातील मुस्लिम स्त्री वेगळ्या प्रकारे डोके झाकते, सुदानमधील वेगळ्या प्रकारे. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजी साडीचा पदर डोक्यावरून घट्ट घेत, आणि तेवढ्यावरून कोणी त्यांच्या ईमानावर शंका घेतली नाही. बागलाणात कांद्याच्या आणि डाळिंबाच्या शेतात राबणाऱ्या सर्व धर्मांच्या स्त्रिया ऊन-धुळीपासून वाचण्यासाठी डोके-तोंड बांधून घेतात. गावातील वयस्क हिंदू स्त्रिया आजही वडीलधाऱ्यांसमोर पदर सावरतात. डोके झाकणे ही या मातीला परकी गोष्ट कधीच नव्हती.

चेहरा झाकण्याविषयी फुकहांमध्ये मतभेद आहे आणि तो जुना आहे. हनफी फिक्हच्या मूळ मतानुसार चेहरा आणि तळहात सतरमध्ये मोडत नाहीत. नंतरच्या अनेक हनफी विद्वानांनी फितन्याच्या भीतीने तरुण स्त्रीने चेहरा झाकावा असे सांगितले. कोकणातील आपले बांधव शाफई मसलकचे आहेत. त्या मसलकच्या विद्वानांतही या प्रश्नावर एकवाक्यता नाही. विसाव्या शतकात मौलाना मौदूदी (रह.) यांनी 'पर्दा' या ग्रंथात चेहरा झाकण्याच्या बाजूने मांडणी केली, तर हदीसचे विख्यात अभ्यासक शेख नासिरुद्दीन अल्बानी (रह.) यांनी नकाब उत्तम असला तरी अनिवार्य नाही असे मत दिले. जेथे एवढ्या थोर विद्वानांत मतभेद आहे, तेथे नकाब घेणाऱ्या भगिनीला मागासलेली म्हणणे जसे चुकीचे, तसेच केवळ ओढणी घेणाऱ्या भगिनीला बेदीन म्हणणेही चुकीचे आहे.

आणि या सर्व वस्त्रांच्या वर आणखी एक वस्त्र आहे. सूरह अअराफच्या २६ व्या आयतीत अल्लाहने तकव्याचा पोशाख सर्वांत उत्तम ठरविला आहे. तो पोशाख स्त्रीसाठी जेवढा आहे, तेवढाच पुरुषासाठीही आहे.

३. वस्त्र बाहेर पडण्यासाठी आहे

सूरह अहजाबच्या ५९ व्या आयतीत जिलबाबच्या आदेशाचे कारणही सांगितले आहे : त्या ओळखल्या जाव्यात आणि त्यांना त्रास दिला जाऊ नये. हे कारण नीट वाचावे. जी स्त्री घराबाहेर पडतच नाही तिला जिलबाबची गरज काय? त्रासापासून संरक्षण कोणाला लागते? जी वाटेवर आहे तिला. हा आदेश बाहेर पडणाऱ्या स्त्रीला सुरक्षित वाट देण्यासाठी आहे.

पहिल्या पिढीतील स्त्रियांनी तो असाच समजून घेतला. हजरत आयशा (रजि.) सांगतात की स्त्रिया चादरी लपेटून फजरच्या नमाजला मस्जिदमध्ये येत आणि अंधारातच परत जात. अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मस्जिदींपासून रोखू नका, अशी प्रेषितांची (स.) ताकीद होती. स्त्रियांनी तक्रार केली की पुरुषांच्या गर्दीत आम्हाला शिकता येत नाही, तेव्हा त्यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र दिवस नेमून देण्यात आला. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांना लिहिता येत असे आणि त्यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना शिकविले. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत, मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत. पर्दा आणि ज्ञान यांत निवड करण्याची वेळ यांच्यापैकी कोणावरही आली नाही.

पर्द्याची आयत उतरली तेव्हा काय घडले, हेही हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. स्त्रियांनी आपल्या चादरी फाडून त्यांच्या ओढण्या केल्या. त्यांच्यामागे कोणी काठी घेऊन उभे नव्हते. आदेश ऐकला, मनाला पटला आणि हात पुढे झाला. ईमानातून आलेल्या आचरणाचे हेच लक्षण आहे.

४. सक्तीची दोन टोके

दीनमध्ये सक्ती नाही, हे तत्त्व सूरह बकराच्या २५६ व्या आयतीत आहे. स्त्रीच्या वस्त्राच्या बाबतीत मात्र गेल्या शंभर वर्षांत दोन्ही बाजूंनी सक्ती झालेली दिसते.

इराणमध्ये १९३६ साली रझा शाह यांनी पर्द्यावर बंदी घातली आणि पोलिस रस्त्यावर स्त्रियांच्या डोक्यावरील चादरी ओढू लागले. परिणामी अनेक धार्मिक घरांतील स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. त्याच देशात क्रांतीनंतर, १९८३ साली, डोके न झाकणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये याच नियमावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाल्यावर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढील मुलींच्या शाळा बंद आहेत. तेथे मुलगी पूर्ण पर्दा करावयास तयार आहे, तरीही शाळेचे दार बंद आहे. तेव्हा प्रश्न वस्त्राचा होता, असे तरी कसे म्हणावे?

आपल्या देशातील अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. कर्नाटकात ५ फेब्रुवारी २०२२ च्या शासकीय आदेशानंतर हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर थांबावे लागले. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी तो आदेश कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे १३ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात एकमत झाले नाही. त्यांपैकी न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला : दूरच्या घरातून धडपडत शाळेपर्यंत पोहोचलेल्या मुलीला दारात अडवून आपण तिचे आयुष्य अधिक चांगले करीत आहोत काय, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

महाराष्ट्रातही २०२४ मध्ये हा प्रश्न उभा राहिला. मुंबईत चेंबूर येथील एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने परिसरात बुरखा, नकाब, हिजाब, टोपी इत्यादींना मनाई करणारा नियम केला. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. कपाळावरील टिळ्यावरही बंदी घालणार काय, असा प्रश्न न्यायालयाने महाविद्यालयाला केला. वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला मात्र परवानगी मिळाली नाही.

या नऊ मुलींची एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि ओढणीही सोडली नाही. दोन्हींसाठी त्या कायद्याच्या मार्गाने उभ्या राहिल्या. दीन आणि संविधान यांत त्यांना विरोध दिसला नाही.

ही दोन्ही टोके वरवर परस्परविरुद्ध दिसतात, पण आत एकसारखी आहेत. एक म्हणते, ओढणी काढ, मगच शिक. दुसरे म्हणते, आम्ही सांगू तेच वस्त्र घाल, नाहीतर शिकू नकोस. मुलीने स्वतः समजून, अल्लाहसाठी काही निवडावे, याला दोन्हींकडे जागा नाही. महाविद्यालयाच्या सक्तीविरुद्ध बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु घरातील सक्तीविषयी गप्प राहून तो अधिकार वापरला, तर आपला शब्द पोकळ ठरतो.

५. सुधारणेचा आपला वारसा

सुधारणा हा शब्द ऐकताच आपल्यापैकी काहींना तो बाहेरून आलेला वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, ती मुस्लिमांच्याच पुढाकाराने. तिच्याशी निगडित असलेले न्या. बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. जनानखान्यात स्त्रीला कोंडून ठेवण्याच्या चालीला त्यांचा विरोध होता. त्यांच्याच नातेसंबंधातील अतिया फैजी १९०६ साली शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि तेथील अनुभव त्यांनी उर्दूत लिहून भारतातील भगिनींपर्यंत पोहोचविले. त्यांच्या भगिनी नाझली बेगम या आपल्या कोकणातील जंजिरा संस्थानच्या बेगम होत्या.

दुसरे उदाहरण भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांचे. त्या बुरख्यात वावरत, पर्द्याच्या समर्थनार्थ त्यांनी लेखनही केले. आणि त्याच अवस्थेत राज्य चालविले, मुलींच्या शाळा काढल्या आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. अतिया फैजी आणि सुलतान जहाँ बेगम यांची वस्त्रे वेगळी होती. दोघींची वाट मात्र ज्ञानाचीच होती.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. दलवाई यांच्या अनेक मतांशी या मासिकाच्या वाचकांचा मतभेद असेल, आणि तो असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या स्त्रियांचे गाऱ्हाणे तोंडी तलाक आणि सवतीचे होते, वस्त्राचे नव्हते, हे आपण विसरू नये. शरीअतने दिलेले हक्क घरातच मिळाले असते, तर त्यांना रस्त्यावर यावे लागले असते काय? सूरह मुजादलाची सुरुवात आठवावी. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) पतीविषयीचे गाऱ्हाणे घेऊन आल्या, आणि अल्लाहने ते ऐकल्याची ग्वाही कुरआनमध्ये कायमची नोंदविली गेली. स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकणे हा बंडाला दिलेला आश्रय नव्हे; ती अल्लाहने घालून दिलेली रीत आहे.

आपण बुरख्याबाबत जेवढे काटेकोर आहोत, तेवढे मेहर देण्याबाबत आहोत काय? सूरह निसाने ठरवून दिलेला मुलीचा वारसाहक्काचा वाटा शेतजमीन वाटताना आपण देतो काय? निकाहपूर्वी तिची संमती मनापासून विचारतो काय? हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो रद्द ठरविला. स्त्रीच्या वस्त्राचा हिशोब ठेवणाऱ्याने तिच्या हक्कांचाही हिशोब ठेवला पाहिजे. तो ठेवला नाही, तर पर्दा स्त्रीच्या सन्मानाची खूण न राहता आपल्या चुकांवरचे पांघरूण होतो.

६. आपण काय करू शकतो

मोठ्या घोषणांची गरज नाही. आपल्या गावात, आपल्या घरात करता येतील अशा काही गोष्टी येथे मांडतो.

पहिली : प्रवेश घेण्यापूर्वी वडिलांनी किंवा भावाने मुलीसह महाविद्यालयात जावे, प्राचार्यांना भेटून वेशाचा नियम समजून घ्यावा आणि शक्य तर लेखी घ्यावा. गणवेशाच्या रंगाची ओढणी चालेल काय, हे आदराने विचारावे. पुष्कळ वाद भेटीनेच मिटतात. मिटला नाही तर चेंबूरच्या मुलींनी दाखविलेला कायद्याचा मार्ग खुला आहे.

दुसरी : प्रवासाची अडचण एकट्या मुलीवर टाकू नये. एका मोहल्ल्यातील चार मुलींनी एकाच बसने जावे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो काढावा. पुढील व्यावसायिक शिक्षणासाठी, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शासनाने २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली आहे. मोमीन, पिंजारी, बागवान यांसारख्या अनेक बिरादऱ्या इतर मागास प्रवर्गात येतात. दाखले वेळेवर काढून ठेवावेत.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : मुलांशी बोलावे. मस्जिदच्या इमाम साहेबांना विनंती करावी की जुम्याच्या बयानात सूरह नूरची ३१ वी आयत सांगताना ३० वीही सांगावी. वाटेवर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या वडिलांना मोहल्ल्यातील दोन ज्येष्ठांनी जाऊन भेटावे. मुलीच्या घरी तक्रार नेणे सोपे असते. मुलाच्या घरी नेण्यास धैर्य लागते.

चौथी : मुलीला पर्दा शिकवावा, लादू नये. आईने तिच्याबरोबर बसून सूरह नूर आणि सूरह अहजाब अर्थासह वाचावी. ज्या मुलीला आपण काय घालतो आणि कोणासाठी घालतो हे ठाऊक आहे, तिची ओढणी कोणाच्या नियमाने उतरत नाही.

वाचकहो, या वर्षी निकाल लागेल तेव्हा आपल्या घरात ती चर्चा पुन्हा होईल. बैठकीत बसण्यापूर्वी खसअम कबिल्यातील त्या स्त्रीची आठवण ठेवावी. ती प्रश्न घेऊन आली होती आणि उत्तर घेऊन परत गेली. आपल्या मुलीलाही त्या चर्चेत बसवावे, तिचे म्हणणे आधी ऐकावे, आणि मग निर्णय घ्यावा.

अल्लाह आपल्या डोळ्यांना हया देवो, आपल्या मुलींना तकव्याचा पोशाख आणि उपयुक्त ज्ञान देवो, आणि त्यांची वाट अडविण्याच्या पापापासून आपणा सर्वांना वाचवो. आमीन.